दावं तोडणारा बुवा

१९५७ साली कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डमध्ये विशीतला एक तरुण रात्री एका हॉटेलचं मागचं दार उचकटायला गेला. हॉटेल बंद झालंय, असा त्याचा अंदाज. पण तो बांधला होता दारूच्या तारेत. हॉटेल चक्क चालू होतं. मालकाने म्हणे मागे येऊन विचारलं, "बाबा रे, पुढचं दार उघडं आहे की! सगळे तिकडूनच येतात."

सगळे येतात तिकडून यायचं नाही, हाच तर या तरुणाचा, म्हणजे पुढे नावाजलेला कंट्री गायक झालेल्या मर्ल हॅगार्डचा मूळ आजार.

आईवडील ओक्लाहोमातून पोटामागे आलेले. अशांना कॅलिफोर्नियात 'ओकी' म्हणून हिणवत. वडील रेल्वेत नोकरीला. एका जुन्या रेल्वेडब्याचंच त्यांनी घर केलं आणि १९३७ साली हे रत्न जन्माला आलं. घरच डब्यात, मग पोरगं मालगाडीत चढून पसार झालं तर दोष कुणाला द्यायचा? नवव्या वर्षी वडील गेले आणि उरलासुरला धाकही गेला. सुधारगृहात घातलं की हा पळणार, धरून आणला की पुन्हा पळणार.

हॉटेलच्या दाराने मात्र त्याला शेवटी सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात पोचवलं. तिथेही बुवांनी जुगाराचा अड्डा चालवला, बिअर गाळली आणि स्वतःच्याच मालावर झिंगून पकडले गेले. एकांतकोठडीत फाशीचे कैदी शेजारी आल्यावर डोकं थोडं ठिकाणावर आलं. १९६० साली सुटला. दिवसा भावाच्या वायरिंगच्या धंद्यात चर खणायचे, रात्री गुत्त्यांत गायचं. कंट्री संगीताची पंढरी म्हणजे नॅशव्हिल; तिथली गाणी तेव्हा व्हायोलिनांच्या पाकात घोळून निघायची. बेकर्सफील्डच्या मजुरांना टेलिकास्टर गिटारचा खणखणाट हवा होता. तो मर्लच्या गाण्यात भरपूर.

मर्ल तुरुंगात असताना तिथे प्रसिद्ध गायक जॉनी कॅश गायला आला होता. पुढे नाव झाल्यावर मर्लने त्याला त्या कार्यक्रमाची आठवण करून दिली. कॅश म्हणाला, तू तिथे गायल्याचं काही आठवत नाही बुवा. मर्ल म्हणाला, मी श्रोत्यांत होतो.

१९६७ साली कंट्री गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलेलं त्याचं पहिलं गाणं फरारी माणसाचं. लिहिणाऱ्या बाईंना त्याच्या तुरुंगवासाचा पत्ताही नव्हता. लोक म्हणाले, काय हुबेहूब भाव! (हुबेहूब असणारच!)

मग १९६९ साली 'ओकी फ्रॉम मस्कोगी' आलं. गांजा न ओढणाऱ्या, झेंड्याला मान देणाऱ्या, ओक्लाहोमातल्या मस्कोगीच्या साध्या गावकऱ्यांची बढाई. हिप्पी खवळले, देशभक्तांनी खांद्यावर घेतलं. आता हा आपला, असं त्यांना वाटलं न वाटलं तोच बुवांनी दावं तोडलं. पुढचं गाणं म्हणून त्यांना काळ्या मुलीवरच्या गोऱ्या मुलाच्या प्रेमाचं 'अर्मा जॅक्सन' काढायचं होतं. रेकॉर्ड कंपनीला घाम फुटला आणि ते गाणं तेव्हा मागे पडलं. वंशभेदाचे पुरस्कर्ते राजकारणी जॉर्ज वॉलेस यांनी पाठिंबा मागितला, तर त्यांनाही नकार. याला मी धोरण म्हणणार नाही. कुणी 'आमचा मर्ल' म्हटलं की या माणसाच्या अंगाला खाज सुटायची, इतकंच.

१९७२ साली कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी मर्लचे सगळे गुन्हे माफ केले. कागदोपत्री माणूस स्वच्छ झाला, पण संसार पाच झाले. दुसरी बायको बॉनी ओवेन्स स्वतः गायिका. घटस्फोटानंतर तिने याच्या पुढच्या लग्नात करवलीचं काम केलं आणि त्यानंतरही याच्या मागे उभी राहून सूर देत राहिली. असला मोठेपणा दाखवायची वेळ आपल्याकडच्या बुवांनी कुणावर न आणलेलीच बरी.

२०१५ साली, अठ्ठ्याहत्तरीत, गायक विली नेल्सनला जोडीला घेऊन त्याने गांजाचं एक मिश्कील गाणं आणलं आणि व्हिडिओत दोघे निवांत झुरके घेताना दिसले. 'मस्कोगी'ची फर्माईश मात्र मैफलीत सुटली नाही. तेही गाणं हा तितक्याच इमानाने गायचा.