विहीणबाईंची अंगठी

अहो, ऐकलंत का? या, अशा कुंपणाजवळ या. आत आमचे हे पेपर वाचत बसलेत, पण कान इकडेच! पलीकडच्या काकूंकडचा साखरपुडा झाला ना परवा, आणि तुम्ही नेमक्या औंढ्याला दर्शनाला. काय चुकवलंत म्हणून सांगू...

विहीणबाईंनी मुलीच्या बोटात अंगठी घातली. हिरा चांगला एक कॅरटचा. वजन म्हणाल तर २०० मिलिग्रॅम, पण सगळ्यांचे डोळे तिथेच. काकूंची पुण्याची नणंद शेजारीच होती. तिच्या बोटात ३० सेंटचा, म्हणजे एक तृतीयांशसुद्धा नाही! हळूच म्हणते, "एवढा मोठा? खोटाच असणार." आता तिचं हळूच म्हणजे पार आचाऱ्यापर्यंत पोचतं, तुम्हाला माहितीये.

वर अंगठी हातात घेऊन त्यावर तोंडाची वाफ सोडली. वाफ क्षणात गायब! काचेवर बसून राहिली असती हो.

तर काय सांगत होते... हां, काकूंची पुतणी. नांदेडला जिऑलॉजी शिकते ती. तिनं पर्समधून भिंग काढलं, दहापट मोठं दाखवणारं, आणि सर्टिफिकेट मागून घेतलं. रंग एफ, क्लॅरिटी व्हीएस वन, कट एक्सलंट. रंगाची अक्षरं म्हणे डीपासून सुरू होतात, झेडकडे जाल तसा पिवळटपणा वाढतो. गंमत बघा, आपल्या मोंढ्यात हळद पिवळीजर्द असली की भाव चढतो, आणि तिकडे पिवळी झाक दिसली की भाव पडला!

कटवरून तिनं नाशिकच्या हिऱ्याचं सांगितलं. त्र्यंबकेश्वराचा तो, ९० कॅरटच्या आसपास होता. १८१८ मध्ये पेशवाई गेली नि तोही इंग्रजांच्या हाती गेला. चमक वाढावी म्हणून आधी लंडनच्या सराफांनी तासला, मग १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टननं. उरला ४३.३८ कॅरट. काकूंची सासू तर "देवाचा हिरा मेल्यांनी..." म्हणून डोळेच पुसायला लागली.

पण खरी मजा पुढेच. सर्टिफिकेटवर चक्क 'लॅब ग्रोन'!

"बघा, मी म्हटलं नव्हतं?" नणंदबाई काय खुलल्या म्हणता! पुतणी शांतपणे म्हणाली, "आत्या, खोटा नाहीये तो. तुमचाही कार्बन, हाही कार्बन. तुमचा जमिनीखाली दीडशे किलोमीटरवर, प्रचंड दाबाखाली, हजारेक डिग्रीच्या भट्टीत तयार झाला, शंभर कोटी वर्षांपूर्वी किंवा त्याच्याही आधी. मग किंबरलाइट नावाच्या खोलवरच्या लाव्ह्याच्या उद्रेकानं वर फेकला. हा मशीनमध्ये काही आठवड्यांत झाला. साध्या भिंगानं दोन्ही सारखेच दिसतात."

आजोबांना वेगळीच चिंता. "मग आपल्या रानात का सापडत नाही? आपलाही दगड लाव्ह्याचाच की!" तर आपला काळा दगड म्हणे कमी खोलीवरून आलेला, साडेसहा कोटी वर्षांचा पोरगा. गडचिरोलीतल्या वैरागडला मात्र हिऱ्यांची खाण होती, आईन-ए-अकबरीत नोंद आहे. आजोबांचा चेहरा असा पडला, जसं काही वावरच गेलं हातचं.

आणि विहीणबाई? ढिम्म! म्हणाल्या, "आम्ही लपवलंय कुठं? मुलीला विचारूनच घेतला. खाणीतला एवढा घेतला असता तर अर्धं लग्न त्यातच झालं असतं. उरलेल्या पैशांची दोघांच्या नावे एफडी केलीये." नणंदबाईंच्या हातातला पेढा हातातच. तेवढ्यात पुतणीनं विचारलं, "आत्या, तुमच्या अंगठीचं सर्टिफिकेट?" तर म्हणे दुकानदारानं तोंडी सांगितलं होतं... तोंडी हो!

तुमच्या सुनेच्या कुड्या घ्यायच्यात ना दिवाळीला? कागद मागून घ्या, आणि त्यावर खाणीतला लिहिलंय की लॅबचा, ते आधी वाचा. लॅबच्या हिऱ्यांचे भाव गेल्या काही वर्षांत धडाधड उतरलेत, मोडायला गेलं तर हातात फारसं काही येत नाही. पुतणी माझ्या कानात सांगून गेली. एवढं मात्र विहीणबाईंना बोलू नका हं!