कर्णधार देणे आहे

रोहित शर्मावर डोंबिवलीचा हक्क फक्त शनिवार-रविवारचा आहे. जन्म नागपूरचा, वाढला बोरिवलीत, आजी-आजोबा आणि काकांकडे. कारण वडील एका ट्रान्सपोर्ट कंपनीचं गोदाम सांभाळत होते आणि आई-वडिलांची डोंबिवलीतली खोली एकच होती. सुट्टीला पोरगा तिथे भेटायला यायचा. एवढ्या भांडवलावर आम्ही त्याला डोंबिवलीकर म्हणतो. बोरिवलीवाले सोमवार ते शुक्रवारचा हिशोब काढतात, पण पश्चिम रेल्वेच्या लोकांशी आम्ही वाद घालत नाही. त्यांच्या गाड्या वेळेवर येतात, त्यामुळे त्यांना आयुष्याची पूर्ण कल्पना नसते.

अजिंक्य रहाणे मात्र आठवडाभर आमचा. जन्मगाव संगमनेर तालुक्यातलं असलं तरी शाळा डोंबिवलीची, एस. व्ही. जोशी हायस्कूल. सकाळच्या लोकलमध्ये किटबॅग घेऊन चढणं ज्याला जमलं त्याला पुढे ऑस्ट्रेलियातला वेगवान मारा जड गेला नाही, यात आम्हाला नवल वाटत नाही. तुषार देशपांडे कल्याणचा. तो चेन्नईकडून खेळत होता तेव्हा अख्खं खडकपाडा पिवळं झालं होतं. ठाणेकरांची जरा पंचाईत होती. मग त्यांनी शार्दूल ठाकूर शोधला. तो पालघरचा, पण पालघर जिल्हा वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ ला आणि शार्दूल जन्मला १९९१ मध्ये, म्हणजे जन्माने ठाणे जिल्ह्याचाच. असा युक्तिवाद करायला तलावपाळीवर बसून बराच वेळ हातात असावा लागतो, आणि तो ठाणेकरांकडे असतो. त्यांना गाडीत बसायला मिळत नाही, पण गाड्या भरपूर मिळतात.

हा सात-बारा आधी मांडला, कारण १५ डिसेंबर २०२३ च्या शुक्रवारी मुंबई इंडियन्सने रोहितला कर्णधारपदावरून काढून हार्दिक पंड्याला बसवलं, तेव्हा आमच्या डब्यात जे झालं ते क्रिकेटचं नव्हतंच. ते जमिनीच्या वादासारखं होतं.

व्यवहार असा होता. हार्दिक गुजरात टायटन्सचा कर्णधार. पहिल्याच वर्षी, २०२२ मध्ये, त्याने संघाला विजेता केलं, दुसऱ्या वर्षी उपविजेता. २६ नोव्हेंबरला गुजरातने राखलेल्या खेळाडूंची यादी आली, त्यात त्याचं नाव होतं. लोकांचं जेवण होईपर्यंत बातमी आली की तो मुंबईला निघाला. पंधरा कोटींचा माणूस, बदल्यात खेळाडू कोणी नाही, रोख व्यवहार. त्या पंधरा कोटींची जागा करायला मुंबईने कॅमरन ग्रीनला साडेसतरा कोटींच्या भावाने बंगळुरूला दिलं. घरात नवा फ्रीज आणायचा म्हणून जुनं कपाट भाच्याला द्यावं, तसं.

आता, आयपीएलच्या नियमात अशा व्यवहाराला खेळाडूची संमती लागते. हार्दिकची होती. रोहितच्या संमतीचा प्रश्नच नव्हता, कारण तो कुठे जात नव्हता. त्याला तिथेच राहायचं होतं, फक्त दुसऱ्याच्या हाताखाली. आमच्या डब्याचं दुखणं नेमकं इथे होतं.

डब्यात आमच्या गटात एक बँकवाले काका आहेत. त्यांची बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली. एका सोमवारी ते कामावर गेले तेव्हा शाखाही तीच, टेबलही तेच आणि चहावालाही तोच होता. फक्त मॅनेजर म्हणून दुसऱ्या बँकेतला, त्यांच्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान माणूस बसला होता. ते मुंब्र्यापर्यंत गप्प होते. मग म्हणाले, "बदली केली असती तरी चाललं असतं हो. माणूस नव्या गावी जातो, नवं घर बघतो, रुळतो. पण त्याच टेबलाशी बसवून वर दुसरा आणायचा?"

"काका, पण त्याने पाच वेळा जिंकून दिलंय," एक तरुण म्हणाला.

"म्हणून तर!" काका म्हणाले. "मीही तीन वेळा टार्गेट पूर्ण केलं होतं."

मला मनातून मुंबई इंडियन्सचं म्हणणं पटत होतं आणि डब्यात ते बोलायची सोय नव्हती. कागद बघा. रोहित २०१३ मध्ये हंगामाच्या मधेच, रिकी पाँटिंगकडून, कर्णधार झाला. २०१३, २०१५, २०१७, २०१९, २०२० अशी पाच विजेतेपदं. पण २०२२ मध्ये संघ तळाला आणि रोहितचं वर्षभरात एकही अर्धशतक नाही. २०२३ मध्ये सोळा सामन्यांत ३३२ धावा. वय छत्तीस. समोर तिशीतला अष्टपैलू, शिवाय आपल्याच घरात वाढलेला, जिंकून दाखवलेला. कंपनीच्या मीटिंगमध्ये हा तक्ता भिंतीवर लावला की कोणीही सही करील. आमच्या डब्यातलेही करतील, रोहितच्या जागी दुसरं कुणाचंही नाव असेल तर.

गटातल्या एकाचा भाचा कॅलिफोर्नियात सॅन होजेला असतो. तो तिकडच्या फुटबॉलची, म्हणजे हाताने खेळायच्या फुटबॉलची, माहिती मामाला पुरवतो. त्या खेळात क्वार्टरबॅक नावाचा एक मुख्य माणूस असतो. चेंडू त्याच्याकडूनच सुटतो, डाव तोच चालवतो, हरलं की शिव्या त्यालाच. सॅन फ्रान्सिस्कोच्या फोर्टी नायनर्स संघाकडे जो मोंटाना होता. चार सुपर बोल जिंकून दिलेला. कोपराच्या दुखापतीने तो जवळजवळ दोन हंगाम बाहेर बसला, तोवर त्याच्या जागी आलेल्या स्टीव्ह यंगने १९९२ चा सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला. एप्रिल १९९३ मध्ये संघाने मोंटानाला कॅन्सस सिटीला देऊन टाकलं. शहरात सुतक. सप्टेंबर १९९४ मध्ये मोंटाना नव्या संघाकडून जुन्या संघासमोर उभा राहिला आणि २४-१७ ने जिंकला. त्याच हंगामात, जानेवारी १९९५ मध्ये, यंगने सुपर बोल जिंकला.

"म्हणजे दोघंही बरोबर?" काकांनी विचारलं.

"हो. पण मोंटानाला त्यांनी पाठवलं तरी," भाच्याचे मामा म्हणाले. "यंगला पाणी आणून देत बसवलं नाही."

यावर डब्यात एकमत झालं, आणि एकमत झालं की आमच्या डब्यात बोलायला काही उरत नाही, म्हणून ठाणं येईपर्यंत पेपर उघडले गेले.

अदलाबदल आम्हाला समजत नाही असं कुणी समजू नये. कल्याणला बसलेला माणूस ठाणं आलं की उठतो आणि डोंबिवलीहून लटकत आलेल्याला बसवतो. "कुठे?" असं एका शब्दात विचारायचं, समोरच्याने "दादर" म्हटलं की ती जागा दादरनंतर आपली. करार तोंडी, साक्षीदार डबाभर, रोख रक्कम शून्य. त्यात मोडतोड करणाऱ्याला दुसऱ्या दिवशी दारातूनच आत घेत नाहीत. आयपीएलमध्ये पहिल्या मोठ्या अदलाबदलींपैकी एक अशीच साधी होती: २००९ मध्ये बंगळुरूचा झहीर खान मुंबईला आणि मुंबईचा रॉबिन उथप्पा बंगळुरूला. एक उठला, एक बसला. आमच्या रहाणेचंही तसंच. २०१९ च्या हंगामात राजस्थानने मधेच त्याच्याकडून कर्णधारपद काढून स्टीव्ह स्मिथला दिलं आणि वर्ष संपताना त्याला दिल्लीला धाडलं. बदल्यात दिल्लीकडून मयंक मार्कंडे आणि राहुल तेवतिया. डोंबिवली पूर्वेत त्या दिवशी कुणी निषेधाची सभा घेतली नाही. रहाणेचा स्वभावच असा की त्याच्यासाठी चिडायचं म्हटलं तरी तोच आपल्याला शांत करील असं वाटतं.

शार्दूल तर या धंद्यातला पास-होल्डरच. पंजाबकडून पुण्याला, दिल्लीकडून कोलकात्याला, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये दोन कोटींत लखनौहून मुंबईला. ठाणेकरांनी तेव्हा जाहीर केलं की जिल्ह्याची मालमत्ता जिल्ह्याजवळ परत आली. त्याच वेळी अर्जुन तेंडुलकर तीस लाखांत मुंबईहून लखनौला गेला. बँकवाले काका म्हणाले, "मोठ्या घरातल्या मुलालाही बदली चुकत नाही, हे बरं झालं." त्यांच्या आवाजात समाधान होतं, सहानुभूती नव्हती.

पण २०२४ कडे परत येतो, कारण ते वर्ष कुणी विसरलेलं नाही. पहिला सामना अहमदाबादला, २४ मार्चला. हार्दिकची तिथे हुर्यो झाली, कारण तो गेला होता. मग १ एप्रिलला वानखेडेवर हुर्यो झाली, कारण तो आला होता. एकाच व्यवहारात दोन्ही गावं नाराज, असा सौदा आमच्या इस्टेट एजंटांनाही जमलेला नाही. नाणेफेकीला संजय मांजरेकरांनी माइकवरून प्रेक्षकांना नीट वागायला सांगितलं. मुंबईच्या प्रेक्षकांना हे मुंबईच्याच माणसाने सांगणं म्हणजे वर्गात मागच्या बाकावरून ओरडणाऱ्यांना सरांनी ‘कोण आहे रे तो’ विचारणं. आवाज दुप्पट होतो.

मग १४ एप्रिलचा चेन्नईचा सामना. धोनीने शेवटच्या चार चेंडूंत हार्दिकला तीन षटकारांसह वीस धावा मारल्या. रोहितने नाबाद शतक केलं. मुंबई हरली, वीस धावांनी. असा हिशोब दैव स्वतः हाताने लिहितं. त्या हंगामात मुंबई चौदांपैकी चार सामने जिंकून दहाव्या क्रमांकावर राहिली. दहाच संघ होते.

आणि मग २९ जून, बार्बाडोस. विश्वचषकाचा अंतिम सामना, दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या षटकात सोळा हव्या, चेंडू हार्दिकच्या हातात. सूर्यकुमारने सीमारेषेवर मिलरचा झेल पकडला, भारत सात धावांनी जिंकला आणि कर्णधार रोहितने हार्दिकचा गालगुच्चा नाही, सरळ मुका घेतला. ४ जुलैला मरीन ड्राइव्हवर लोटलेल्या गर्दीतून वानखेडेवर ‘हार्दिक, हार्दिक’ सुरू झालं. आमच्या गटातले तिघं तिथे होते. एप्रिलमध्ये घरात टीव्हीसमोर बसून ज्यांनी हार्दिकचं तोंड बघणार नाही म्हटलं होतं, तेच. घरी कसे आले ते विचारलं तर म्हणाले, आलो. मध्य रेल्वेबद्दल अशा रात्री एवढंच सांगता येतं.

रोहित पुढे मुंबईकडे राहिलाच, १६ कोटी ३० लाखांना. हार्दिकला १६ कोटी ३५ लाख. पाच लाखांचा फरक. काकांनी तो कागदावर लिहून खिशात ठेवला आहे. म्हणतात, विलीनीकरणानंतर आमच्यातही असाच भत्त्याचा फरक होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये तर राजस्थानने आपला कर्णधार संजू सॅमसनच चेन्नईला दिला आणि बदल्यात जडेजा नि सॅम करन घेतले. जडेजाची किंमत त्यात अठरा कोटींवरून चौदावर आली. काका म्हणाले, "बघा, व्हीआरएस."

या सगळ्याचा परिणाम आमच्या संकुलावर झाला नसता तरच नवल. कल्याणला आमच्या सोसायटीत दर हिवाळ्यात बॉक्स क्रिकेटची लीग असते. विंगप्रमाणे संघ, गुणांवर लिलाव, क्लबहाउसमध्ये हातोडा म्हणून लाटणं. बी विंगचे, म्हणजे आमचे, कर्णधार अण्णा. वय पन्नाशीकडे झुकलेलं, गेल्या दोन हंगामांत दोन आकडी धावा नाहीत, क्षेत्ररक्षणात वाकायचं असेल तर आधी सूचना लागते. सी विंगकडे इंजिनीअरिंगचा एक पोरगा आहे. सहा षटकांच्या सामन्यात तो पन्नास करतो आणि वर मोबाइलवर बोलतो. मुलांनी तक्ता तयार केला. अण्णा द्या, पोरगा घ्या, वर आपले सातशे गुण द्या. तक्ता इतका स्वच्छ होता की बघून मलाच सही करावीशी वाटली.

संमती घ्यायला आम्ही अण्णांकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकलं, चहा दिला आणि म्हणाले, "जातो की. पण किट माझ्या माळ्यावर आहे. बॅट, स्टंप, जाळी, दोन डझन टेनिस बॉल, सगळं माझं. फ्लडलाइटचा फ्यूज कुठला ते वॉचमनला माहीत नाही, मला माहीत आहे. आणि रात्री दहानंतर खेळू देतात ते तळमजल्यावरच्या आजींना मी दर एकादशीला राजगिऱ्याचे लाडू नेऊन देतो म्हणून."

तक्त्यात यातलं एकही कलम नव्हतं.

आम्ही सुधारित प्रस्ताव घेऊन सी विंगकडे गेलो. त्यांनी रात्रभर विचार केला आणि सकाळी ग्रुपवर उत्तर टाकलं: किट, फ्यूजची माहिती आणि आजी यांचे सातशे गुण देतो, अण्णा तुमच्याकडेच ठेवा.

अण्णांना हे कुणीतरी वाचून दाखवलं. परवाच्या पहिल्या सामन्यात त्यांनी स्वतःला सलामीला पाठवलं, आणि पोराला टाकायला फक्त जुना बॉल मिळाला.