रेडिएटरात शिरलेल्या बोअरच्या पाण्यास खुले पत्र

अरे बोअरच्या पाण्या,

स्कूटर तापली की लोक फॅनकडे बघतात, थर्मोस्टॅटवर संशय घेतात, पंप खोलतात आणि शेवटी हेड गॅसकेटपर्यंत जाऊन पोचतात. सगळ्यांची झडती होते, सगळ्यांचं बिल होतं. तुझं नाव मात्र कुणी घेत नाही. तू पडलंस पाणी, गारवा देणारं. तुझ्यावर आळ घ्यायला जीभ कशी रेटेल? माझी रेटते. माझी स्कूटर तू तापवलीस. चोरून नाही, दिवसाढवळ्या, प्लास्टिकच्या जगमधून आत शिरून.

रस्त्याकडेच्या एका गॅरेजात सर्व्हिसिंग झालं तेव्हा बिलावर ‘कुलंट टॉप-अप’ असं लिहिलं होतं. त्या नावाखाली तू आत गेलंस. पुढं इंजिन तापायला लागल्यावर तिथल्या पोराला विचारलं, तर तो सरळ म्हणाला, “कुलंट कमी होतं, बोअरचं पाणी टाकलं की. पाणीच लागतंय ना?” त्या पोरावर मी रागवलो नाही. त्यानं उस्तादाला पाणी ओतताना पाहिलं, उस्तादानं त्याच्या उस्तादाला. राग तुझ्यावर आहे. इतकी वर्षं तू फुकटचा मान खात आलंस म्हणून.

तो मान तुला कुठून मिळाला तेही सांगतो. पूर्वीच्या एसटीचे, जीपचे, ट्रकचे रेडिएटर तांब्या-पितळेचे होते. नळ्या रुंद. घाट चढून वर आलं की ड्रायव्हर बोनेट उघडायचा, क्लीनर डबा घेऊन पाणी शोधायचा आणि मिळेल ते ओतायचा. नळी बुजली तर रेडिएटरवाला टाकी उघडून आतून गज फिरवायचा, गळती झाली तर डाग द्यायचा. तू तिथंही थर धरत होतंस, पण ते धूड तुला पचवत होतं. खंबाटकी घाटात अलीकडच्या वर्षांतही उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याकडून साताऱ्याला येणाऱ्या गाड्या तापून रांगेनं उभ्या राहिलेल्या पाहिल्या आहेत, आणि पहिला माणूस धावला तो पाण्याच्या बाटलीकडेच.

स्कूटरवाल्यांचा आणि तुझा तर कधी संबंधच नव्हता. साताऱ्यात बजाज ऑटो आणि पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांनी मिळून १९७५ साली महाराष्ट्र स्कूटर्स कंपनी काढली. तिथून प्रिया बाहेर पडायची. १५० सीसी, टू-स्ट्रोक, वाऱ्यावर गार होणारी. फ्लायव्हीलच्या पंख्याचा वारा पत्र्याच्या आवरणातून सिलिंडरच्या पात्यांवर जायचा. तापली तर सावलीत उभी करायची, गार झाली की किक. सातारा-सांगली या दोन्ही जिल्ह्यांतले कितीतरी मिस्त्री अशाच इंजिनांवर हात बसवून तयार झाले. त्यांच्या अंगणात रेडिएटरवाली स्कूटर आली ती आत्ता आत्ता. यामाहाची १५५ सीसीची एरॉक्स २०२१ साली आली, हीरोची झूम १६० ही २०२५ साली. एरॉक्सचा रेडिएटर इंजिनाच्या उजव्या कुशीला, वहीच्या पानाहून लहान, आणि त्याचा फॅन थेट क्रँकशाफ्टवर बसवलेला. या नाजूक घरात तू एसटीच्या हक्कानं घुसायला लागलंस.

आता तुझ्या अंगात काय आहे ते बघू. सांगली जिल्ह्यात मिरज, वाळवा, पलूस या तालुक्यांत कृष्णाकाठची कितीतरी जमीन क्षारपड झाली आहे. उसाला वर्षानुवर्षं पाणी पाजलं, निचरा केला नाही, खालचे क्षार वर आले. उन्हाळ्यात रानावर पांढरी साय धरते. जत, आटपाडीकडं किंवा साताऱ्याच्या माण-खटावात बोअर जितकी खोल, तितकं बहुतेकदा पाणी जड. घरात नळाच्या तोटीवर, गिझरच्या कॉइलवर जो खडू साचतो तो तुझाच. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोत नसेल तर ६००. हे माणसाच्या पोटाचं माप. माणूस पितो आणि बाहेर टाकतो. इंजिन तेच तेच पाणी तापवतं, निववतं आणि परत तापवतं.

तुझ्यात विरघळलेले कॅल्शियमचे बायकार्बोनेट उष्णता लागली की मोडतात आणि न विरघळणारं कार्बोनेट होऊन बसतात. बसतात तेही नेमके जिथं धातू सगळ्यात गरम तिथं, म्हणजे सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या वाटेत आणि हेडमध्ये. उष्णता वाहून नेण्याच्या कामी हा खडू ॲल्युमिनियमच्या पासंगालाही पुरत नाही. म्हणजे जिथून उष्णता काढून घ्यायची, तिथंच तू गोधडी पांघरलीस. उरलेल्या अंगातले क्लोराइड ॲल्युमिनियमला बारीक खड्डे पाडतात. कुलंटमध्ये गंज रोखणारी द्रव्यं असतात. तू शिरून ती पातळ केलीस, आणि काहींशी संयोग पावून गाळही केलास.

तुझी बाजू घेणारे म्हणतात, नुसतं पाणी कुलंटपेक्षा जास्त उष्णता धरतं. खरं आहे. कुलंटसाठी पाण्यात निम्मं इथिलीन ग्लायकॉल घातलं की ती धारणा कमी होते. पण उकळण्याचं काय? नुसतं पाणी समुद्रसपाटीला १०० अंशांना उकळतं, महाबळेश्वरच्या उंचीवर साधारण ९५ ला. निम्मं-निम्मं कुलंट उघड्यावरही १०७ च्या आसपास तग धरतं, आणि झाकणाच्या दाबाखाली १२० च्या पुढं. झाकणाचं रबर कडक झालं की दाब जातो आणि मग तुझी वाफ व्हायला वेळ लागत नाही. वाफेचा बुडबुडा हेडमध्ये अडकला की तिथल्या धातूला कुणीच शिवत नाही, आणि तो वाकतो. आणि हा सगळा हिशेब शुद्ध पाण्याचा. तू शुद्धही नाहीस.

सुरुवात तू गोडीगुलाबीनं केलीस. आष्ट्याकडून इस्लामपूरला मोकळ्या रस्त्यानं काहीच जाणवत नव्हतं. गळिताचा हंगाम सुरू झाला, उसाच्या दोन-दोन ट्रेलरमागं रांगत जायची वेळ आली, तेव्हा पायाशी धग यायला लागली. इंजिन मंद फिरतं तेव्हा फॅनही मंद फिरतो आणि पुढून वारा नसतो, म्हणून संशय फॅनवर गेला. मग साताऱ्याहून कासला जाताना यवतेश्वराच्या चढावर तापमानाची बत्ती लागली. तिथं फॅन चांगला गरगरत होता. वरची नळी हात लावू देईना आणि खालची जवळजवळ गार. इंजिनाकडून उष्णता येत होती, रेडिएटरमधून पुढं सरकत नव्हती. आता थर्मोस्टॅट अडकलेला किंवा रेडिएटर तुंबलेला, या दोहोंतलं एक तरी नक्की होतं.

थर्मोस्टॅट मी घरी आणून पातेल्यात टाकला, शेजारी थर्मामीटर. आतल्या मेणाच्या जोरावर उघडणारी ती पितळी चकती साधारण ८० अंशांपुढं हलायला हवी. पाण्याला बुडबुडे आले तरी ती गप्प. पाणी खळखळायला लागलं तेव्हा एका बाजूनं केसभर उचलली, दुसरी बाजू तशीच. बाहेर काढून पाहिलं तर बैठकीच्या कडेला पांढरट-तांबूस कड धरलेली. नखानं खरवडल्यावर पापुद्रा निघाला, बोटांत चुरला. थर्मोस्टॅटला मी दोषी धरत नाही. त्याच्या दाराला तू बाहेरून चिखल लिंपलास. रेडिएटरच्या नळ्यांच्या तोंडाशी टॉर्च धरला तेव्हा तिथंही तोच रंग होता. काही नळ्यांत उजेड आरपार गेला, काहींत नाही. पंपाच्या सीलवर खडूचे कण घासून ओरखडे पडले होते, म्हणूनच कुलंट कमी कमी होत गेलं आणि तुला आत यायला पुन्हा जागा होत गेली.

बाहेरून रेडिएटरला चिकटलेली रस्त्याची माती हा दुसरा गुन्हेगार, पण तो किरकोळ. हलक्या धारेनं धुतला की जातो. वॉशिंग सेंटरचा प्रेशर मात्र तिथं मारू देऊ नये, पाती दुमडतात आणि वारा कायमचा बंद होतो.

तुला हाकलायला कुणी संडास धुण्याचं ॲसिड सुचवलं. तू जाशीलच, पण सोबत ॲल्युमिनियमही जाईल. ते मी होऊ दिलं नाही. इंजिन पूर्ण निवल्यावर झाकण काढलं. गरम असताना झाकण उघडणाऱ्याच्या तोंडावर उकळतं पाणी उसळतं, दाब सुटताच त्याची वाफ होते, म्हणून ही घाई कुणीही करू नये. सगळं खाली सोडलं, डिस्टिल्ड वॉटर भरून इंजिन चालवलं, निवू दिलं, पुन्हा सोडलं, आणि बाहेर येणारं पाणी नितळ होईस्तोवर हेच केलं. रेडिएटरच्या बुजलेल्या नळ्या मोकळ्या झाल्या नाहीत, तो बदलावा लागला. थर्मोस्टॅट नवा, झाकण नवं, पंपाचं सील नवं. मग तयार मिश्रणाचं कुलंट सावकाश ओतलं, पुढचं चाक उंच घेतलं, झाकण उघडं ठेवून इंजिन चालू दिलं आणि नळी दाबत राहिलो. आतली हवा गुडगुडत वर येते, पातळी खाली जाते, परत भरायचं. ही हवा राहिली तर नवे सुटे भाग घालूनही गाडी तापते, आणि लोक म्हणतात कंपनीचं इंजिनच खराब. यवतेश्वर आता चढते. बत्ती लागत नाही.

रस्त्यात कधी अडलो आणि जवळ काही नसलंच, तर तुझ्याऐवजी किराणा दुकानातली सीलबंद पाण्याची बाटली घेईन, तीही घरी पोचेपर्यंतच. डिकीत डिस्टिल्ड वॉटरची लहान बाटली ठेवली आहे. गॅरेजातल्या त्या पोरालाही एक कॅन नेऊन दिला आणि तुझा पापुद्रा कागदात बांधून दाखवला. त्यानं तो बोटावर घेऊन चुरला आणि बोअरच्या पाण्याचा जग उचलून आत, हात धुवायच्या बेसिनपाशी ठेवला.

तुझं शेवटचं काम राहिलं आहे. जाताना तू उरलेल्या ग्लायकॉलमध्ये मिसळून गेलंस. ते चवीला गोड आणि पोटात विष. उघड्या पाटीत ठेवलं तर गल्लीतली कुत्री चाटतील, गटारीत ओतलं तर ओढ्यावर पाणी पिणारं जनावर मरेल. म्हणून तुला झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वर मोठ्या अक्षरात ‘विष’ लिहून, पोरांच्या हाताला लागणार नाही असं माळ्यावर ठेवलं आहे. जुनं कुलंट परत घेणाऱ्या सर्व्हिस सेंटरमध्ये येत्या सोमवारी तुला नेऊन देतो.