जखमींनी वेळेवर उपस्थित राहावे

कारखान्याच्या जागेवरच प्रथमोपचार प्रशिक्षण भरवण्याची प्रथा सर्वार्थाने स्तुत्य आहे. कारखाने अधिनियम, 1948 चे कलम 45 सांगत असे की दर 150 कामगारांमागे किमान एक प्रथमोपचार पेटी हवी, आणि ती प्रमाणपत्रधारक, कामाच्या वेळात सदैव हजर असणाऱ्या जबाबदार व्यक्तीच्या ताब्यात हवी. वांकिडीकडच्या एखाद्या जिनिंगने हे मनावर घेतले, तर प्रमाणपत्र शेठजींच्या भाच्याने घ्यावे. तो राहतो चंद्रपूरला. पण जबाबदार आहे, यात शंका नाही. पेटीला कापसाची धूळ लागू नये म्हणून ती कुलपात ठेवावी. किल्ली अर्थातच भाच्याकडे.

मजूर कोणी मराठी बोलणारे, कोणी तेलुगू, कोणी गोंडी. तेव्हा व्याख्यान इंग्रजीत ठेवावे, म्हणजे कोणत्याच भाषेवर अन्याय होणार नाही. छातीवर मिनिटाला 100 ते 120 वेळा दाब कसा द्यायचा, ते रबरी पुतळ्यावर दाखवावे. पुतळ्याने आजवर तक्रार केलेली नाही. पुढचे पाऊल म्हणून, अपघात यापुढे प्रशिक्षणाच्या वेळेतच करावेत, असे परिपत्रक काढावे. जखमींनी आधार कार्डाची छायाप्रत सोबत आणावी.

उद्घाटनाची फीत कापताना प्रमुख पाहुण्यांचे बोट कापलेच, तर घाबरून जाऊ नये. एखादी मजूर बाई तीच फीत घट्ट आवळून रक्त थांबवील. पाहुण्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करावा. बाईला प्रमाणपत्राविना उपचार केल्याबद्दल नोटीस द्यावी, आणि फितीचे पैसे तिच्या मजुरीतून कापावेत.