थंडीत घर तापवण्याविषयी गृहस्थांस सूचना

सर्वप्रथम थंडी पडल्याची खातरजमा करावी. अंगावर आलेला काटा हा पुरावा ग्राह्य नाही. निफाडच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्रात पारा किती उतरला, हे पेपरात छापून आले की थंडी अधिकृत. मुंबईकरांना ही अट शिथिल आहे. त्यांनी अठरा अंशांवर कानटोपी चढवायला हरकत नाही.

मग घराची पाहणी करावी. आपली घरे उन्हाळ्याच्या धाकाने बांधलेली असतात. गार फरशी, दारांवर झरोके आणि न्हाणीघराला काचपट्ट्यांची खिडकी, जिची एक पट्टी घर घेतले तेव्हापासूनच नाही. अशा घरात हीटर लावला की गल्ली तापते. गल्लीवर माया असल्यास अवश्य लावावा. २००० वॉटचा हीटर तासाला २ युनिट खातो. रोज रात्री ८ तास धरल्यास महिन्याला ४८०. बिलात ३०० युनिटांपुढचा दर वाचताना फुटणारा घाम ही ऊब मात्र फुकट.

दुकानदार तेलाचा, पंख्याचा, रॉडचा असे प्रकार दाखवील. एका युनिटातून तिन्हींना उष्णता सारखीच मिळते. फरक किमतीत आणि दुकानदाराच्या उत्साहात. उलटा चालून खोली तापवणारा एसी तेवढा खरोखर काटकसरी, कारण तो बाहेरच्या हवेतली ऊब आत ओढून आणतो. हीटरची पिन १६ अँपिअरच्या सॉकेटमध्येच घालावी. मोबाइल, मिक्सर आणि देवघरातली माळ ज्या एक्स्टेंशनवर आहेत तिथेच हीटरही जोडल्यास घर फार लवकर तापते, पण पुढचे काम अग्निशमन दलाकडे जाते.

शेगडीचा विषय निघाला की घरातले ज्येष्ठ ‘आमच्या वेळी’ म्हणून सुरुवात करतील. त्यांना आदरपूर्वक सांगावे, की आबा, तुमच्या वेळी कौलांतून चांदणे दिसायचे. आताच्या खिडक्या गच्च बसतात. बंद खोलीत निखारे ठेवले की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. धूर थांबला म्हणजे शेगडी निर्धोक झाली, असे वाटते तेव्हाच ती माणसे मारते. आधी डोके दुखते, मळमळते, मग गुंगी येते आणि माणसाला वाटते, काय छान झोप लागतेय. बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरचीही हीच कथा. या परिच्छेदात विनोद शोधू नये.

दिवसा सूर्याला कामाला लावावे. हिवाळ्यात तो दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून दक्षिणेच्या खिडकीचे पडदे सकाळी उघडावेत आणि ऊन गेले की ओढून घ्यावेत. ती खिडकी वास्तुतज्ज्ञाच्या सांगण्यावरून कपाटाने झाकली असल्यास घरात लक्ष्मी किती आली ते मोजावे आणि कपाट सरकवावे.

रात्री घरापेक्षा माणूस तापवणे स्वस्त पडते. जुन्या लुगड्यांची गोधडी थरांमध्ये हवा धरून ठेवते आणि तिला पिन नसते. माणूस नुसता बसला तरी साधारण १०० वॉट उष्णता देतो. म्हणजे वीस पाहुणे बरोबर एक हीटर. चहाचा गॅस वेगळा धरावा. पाहुणे निघाले की निरोपाचा कार्यक्रम दार लावून आतल्या बाजूलाच उरकावा. उंबऱ्यात उभे राहून “आता तुम्ही या हं” सुरू झाले, की अर्ध्या तासात वीसही माणसांची ऊब जिन्याने खाली जाते.