अक्विनास आणि इंद्याल

यंदाच्या प्रायश्चित्तकाळात आमच्या वसईत लोकांनी मटण सोडलं, मी अज्ञान सोडायचं ठरवलं. डोकं घरी ठेवून मिस्साला येणं म्हणजे श्रद्धा नव्हे, असं फादर प्रवचनात म्हणाले, तेव्हा बायकोने माझ्याकडेच पाहिलं होतं. शिवाय रविवारी मी मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेतो. म्हणजे काहीतरी करणं भागच होतं.

थेट संत थॉमस अक्विनासचा ‘सुम्मा थिओलॉजिए’ मागवला. पाच जाडजूड खंड! मुलीच्या ट्रॉफ्या शोकेसमधून माळ्यावर गेल्या.

ग्रंथात 512 प्रश्न आहेत, पण खरी गंमत मांडणीची. आधी विरोधकाचे आक्षेप, तेही जमतील तितके जोरकस. मग ‘याउलट’ म्हणून एखादं प्रमाणवचन, मग थॉमसचं स्वतःचं उत्तर आणि शेवटी एकेका आक्षेपाचा समाचार. ‘देव आहे का?’ इथेही सुरुवात आक्षेपानेच: देव जर अपार चांगला, तर जगात वाईट उरलंच कसं? तेराव्या शतकातल्या संन्याशाने नास्तिकाचं वकीलपत्र इतकं मन लावून घ्यावं! आमच्या वर्गात कुणी असं विचारलं, तर त्याला पुढच्या बाकावर बसवतात.

ही पद्धत मी घरात सुरू केली.

“अहो, मेथी आणा,” बायको म्हणाली.

“मेथी आणू नये असं वाटतं. एक तर, काल पालेभाजीच होती. दुसरं—”

“याउलट,” ती म्हणाली, “पिशवी दारामागे आहे.”

अशी एक कथा आहे, की फ्रान्सचा राजा नववा लुई याच्या पंगतीत थॉमस आपल्याच विचारात हरवला होता. अचानक त्याने टेबलावर मूठ आपटली. मॅनिकी पंथाला निरुत्तर करणारा मुद्दा सापडला होता! राजा रागावला नाही. मुद्दा विसरायच्या आत टिपून घ्यायला त्याने लेखनिक बोलावला.

ईस्टरनंतर एका लग्नाच्या जेवणात मलाही मुद्दा सापडला. मूठ आपटली. समोरचं इंद्यालच्या तिखट रश्श्याचं भांडं कलंडलं आणि नवरीच्या मावशीच्या नव्या साडीपर्यंत पोहोचलं. राजाने लेखनिक बोलावला होता, माझ्यासाठी फडका आला. मुद्दा कोणता होता, ते आजतागायत आठवत नाही.

परतताना बायको रिक्षात म्हणाली, “पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. तिकडे केडगावला दुष्काळातल्या शेकडो मुलीबायकांना सांभाळत होत्या, ते वेगळंच. त्यांनी टेबल आपटल्याचं काही ऐकलं नाही.”

मी इतिहासाचा आधार घेतला. 1273च्या डिसेंबरात थॉमसने अचानक लेखणी खाली ठेवली. आपण लिहिलेलं सगळं आता गवताच्या काड्यांसारखं वाटतं, असं तो म्हणाला. ‘सुम्मा’ अपुराच राहिला. मग मी तिसऱ्या प्रश्नावर थांबलो, तर काय बिघडलं?

“त्यांनी लिहायचा सोडला,” बायको म्हणाली. “तुम्ही वाचायचा.”

सध्या पहिला खंड मुलीकडे आहे. पेन्सिल घेऊन बसते. तिचे आक्षेप वाचून झालेत, उत्तरांपर्यंत ती अजून आलेली नाही. परवा रविवार आहे, आणि ती माझ्याच वर्गात आहे.