बॅकएंड टीमचा कौल

वॉरंटीची पुस्तिका वाचायला चष्मा आणि वैराग्य दोन्ही लागतं. माझ्या लॅपटॉपबरोबर आलेल्या पुस्तिकेत कंपनी काय दुरुस्त करून देईल ते एका परिच्छेदात उरकलंय. काय करून देणार नाही, ते पुढे दोन पानं चालतं. आग, पूर, भूकंप, वीज, युद्ध, दंगल, ईश्वरी कोप, कीटक. कीटकांपर्यंत आलो आणि कंपनीच्या वकिलाबद्दल मला आदरच वाटायला लागला. झुरळाचाही विचार केलाय या माणसानं! यादीच्या अगदी तळाशी ‘सामान्य वापरातून होणारी झीज’ अशी एक ओळ होती. म्हणजे लॅपटॉप खोक्यात होता तोवर वॉरंटी ठणठणीत होती म्हणायची.

माझ्या लॅपटॉपवर ना पूर आला, ना युद्ध. त्याची बिजागरी गेली. सकाळी नेहमीसारखं झाकण उघडलं, कट्ट आवाज झाला आणि डाव्या कोपऱ्यात पडद्याची चौकट उकलली. फटीतून पाहिलं तर मसुराएवढी पितळी नटं प्लास्टिकसकट उपटून बाहेर आलेली. आतली रचना मोठी मजेशीर असते. बिजागरी पोलादी, तिचे स्क्रू पितळी नटांत आणि ती नटं मात्र प्लास्टिकच्या बारक्या खुंट्यांत रुतवलेली. वापरून वापरून बिजागरी आवळत जाते, प्लास्टिकला ते जमत नाही. झाकण उघडायचा सगळा जोर शेवटी त्या खुंट्यांवर येतो आणि एक दिवस त्या राजीनामा देतात.

कस्टमर केअरच्या बाईंनी आधी सीरियल नंबर मागितला. तो लॅपटॉपच्या पोटाखाली, मुंगीलाही भिंग लागेल अशा अक्षरात छापलेला असतो. झाकण लोंबकळतंय, एका हातात फोन, अशा अवस्थेत मी लॅपटॉप उताणा केला.

“पी फॉर पुणे,” मी सुरुवात केली.

“पी फॉर पॅरिस, ओके सर.”

“एन फॉर नागपूर. व्ही फॉर विठ्ठल.”

“व्ही फॉर व्हिक्टर?”

“तोच.”

पुढचं अक्षर ओ होतं की शून्य, यावर आमची बराच वेळ चर्चा झाली. मग बाई म्हणाल्या, “सर, चार्जर काढा आणि पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून ठेवा.”

“मॅडम, बिजागरी मोडलीय.”

“हो सर, पण ती स्टेप कम्पल्सरी आहे.”

मी दाबून ठेवलं. तीस सेकंद दोघंही गप्प. बिजागरीत फरक पडला नाही, हे मी कळवलं; त्यांनी ते नोंदवून घेतलं.

सर्व्हिस सेंटर एका इमारतीच्या तळघरात होतं. भिंतीवर पाटी होती, ‘चार्जर आणावा. बॅग आणू नये.’ तिथला इंजिनियर पंचविशीतला, सालस पोरगा. त्यानं सगळ्या बाजूंनी फोटो काढले, मागचं झाकण उघडलं, पाणी गेलं तर लाल होणारे आतले छोटे स्टिकर तपासले. पांढरे होते. क्षणभर त्यालाही माझ्यासाठी बरं वाटलं असावं. मग त्यानं फोटो ‘बॅकएंड टीम’ला पाठवले.

ही बॅकएंड टीम कोणी पाहिलेली नाही. तिला फोन नाही, पत्ता नाही.

“कुठे बसतात हो हे लोक?” मी विचारलं.

“बॅकएंडला, सर.”

कौल मात्र लवकर आला. “सर, सीआयडी आलंय,” पोरगा म्हणाला. माझ्या डोळ्यांपुढे ‘सीआयडी’ मालिकेतले शिवाजी साटम उभे राहिले. पण हा सीआयडी म्हणजे कस्टमर इन्ड्यूस्ड डॅमेज, साध्या भाषेत, तुम्हीच तोडलंय. त्या मालिकेत निदान दार तोडणारा दया पोलिसांच्या बाजूनं असायचा. इथे बिजागरी तोडल्याचा आरोपी मीच. वर खर्चाचा अंदाज चौदा हजार आठशे, अधिक अठरा टक्के जीएसटी. पडद्याची चौकट, मागचं कव्हर, दोन्ही बिजागऱ्या, सगळं एकत्रच बदलावं लागतं म्हणे. सुटी खुंटी मिळत नाही.

तपकीर गल्लीतल्या एका दुकानदारानं हेच काम आठशे रुपयांत सांगितलं. त्याला ‘हिंज फॅब्रिकेशन’ म्हणतात. मोडक्या खुंटीभोवती खायचा सोडा भुरभुरायचा, वर फेविक्विकचे थेंब सोडायचे. क्षणात दगड होतो. शेजारचा लॅपटॉप त्यानं तसा करूनही दाखवला. पाहताना माझा हात खिशाकडे गेलाच होता. पण बाहेरच्या माणसानं स्क्रू फिरवला की उरलेल्या वॉरंटीचं श्राद्ध, ही अटही पुस्तिकेत कीटकांच्या आसपास कुठेतरी होती.

मग बाबांनी प्रकरण हातात घेतलं. बाबांकडे एक फाइल आहे. भंगारात जाऊन जमाना झालेल्या फ्रिजचंही गॅरंटी कार्ड तिच्यात आहे, दुकानदाराच्या शिक्क्यासह. लॅपटॉपचं बिल अर्थातच होतं, दोन झेरॉक्सांसकट. ते माझ्याबरोबर तळघरात आले, आणि बॅग घेऊन आले.

“पडल्याची खूण कुठाय?” त्यांनी पोराला विचारलं. “कोपरा चेपलाय? चरा आहे?”

“नाही काका, पण बॅकएंडनं...”

“मग लेखी द्या. ग्राहकानं तोडलं, असं लेखी द्या.”

पोराचा चेहरा पडला. “लेखी नाही देता येत काका. ते सिस्टिममध्ये असतं.”

“मग सिस्टिमला सही करायला सांगा.”

रांगेतल्या लोकांनी मान वर केली. श्रोते मिळाल्यावर बाबा थांबत नाहीत. 1974 साली बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत याच पुण्यात सुरू केली, इथपासून ते 1986 च्या ग्राहक संरक्षण कायद्यावर आले, तिथून 2019 च्या. आता पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी लागत नाही. कंपनी बंगळुरूची असो की बोस्टनची, आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात खटला घालता येतो. प्रिंटर मांडीवर घेऊन बसलेल्या एका आजोबांनी हे पावतीच्या मागे लिहून घेतलं. पोरगाही लक्ष देऊन ऐकत होता. मला वाटतं, त्याचा स्वतःचा फोन कुठेतरी दुरुस्तीला अडकला असणार.

घरी येऊन 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. ती तिथून कंपनीकडे जाते आणि कंपनीनं तिथे उत्तर देणं अपेक्षित असतं. झालंही तसंच. ‘एस्कलेशन डेस्क’वरून मधाळ आवाजात फोन आला. आमचं निदान बरोबरच आहे, पण सद्भावना म्हणून, केवळ एकदाच अपवाद म्हणून, आम्ही हे विनामूल्य करून देतो.

मी सुटकेचा श्वास टाकला. बाबा खवळले. “सद्भावना कसली? आपला हक्क आहे! नाही म्हणून सांग.” आयोगासाठी त्यांनी फुलस्केप कागद आणले होते, मुद्दे काढले होते, मुद्दा क्रमांक चारमध्ये तर झुरळांचाही उल्लेख होता. कंपनीनं ऐन वेळी शरणागती पत्करून त्यांचा घात केला. दोन दिवस ते माझ्याशी तुटक बोलत होते.

लॅपटॉप परत घेताना पोरानं झाकण चारदा उघडून-मिटून दाखवलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, “सर, कोपऱ्याला धरून नका उघडू, मधोमध धरा. आणि नवीन पार्टला वॉरंटी नव्वद दिवसच आहे.” तोपर्यंत ही गोष्ट मला ना पुस्तिकेनं सांगितली होती, ना कस्टमर केअरनं.

“अजून एक, सर. फीडबॅकची लिंक येईल. दहापैकी दहाच द्या. आठ दिले तरी आमच्या इन्सेन्टिव्हला कात्री लागते.”

लिंक रिक्षात असतानाच आली. इंजिनियरचं वागणं कसं होतं? दहा. सेंटरची स्वच्छता? दहा दिले, तळघर असूनही. आमचा लॅपटॉप मित्रांना सुचवाल का? यावर मी थोडा थांबलो, पण याचेही मार्क त्या पोराच्याच खात्यात जातात की काय या शंकेनं दहा देऊन टाकले. बॅकएंड टीमसाठी रकानाच नव्हता.